सरकारी हिरवा

सरकारी गाडी एका दिवसात मरत नाही. आधी ती किरकोळ दुरुस्तीसाठी उभी राहते. मग दुरुस्तीच्या अंदाजपत्रकावर वरून शेरा येतो, की खर्च गाडीच्या किमतीहून जास्त दिसतो, तरी फेरअंदाज सादर करावा. फेरअंदाज सादर होईपर्यंत चाकं मातीत रुततात, बॉनेटखाली उंदीर संसार थाटतात आणि हौद्यात पावसाचं पाणी साचून बेडकांची दुसरी पिढी वयात येते. यथावकाश निर्लेखनाचा प्रस्ताव जातो. समिती येते, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालते, चहा घेते. मग कधीतरी ‘जसे आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर लिलाव पुकारला जातो. तोवर गाडी ‘जशी’ राहिलेली नसते. ‘जेथे’ मात्र असते.

आमच्या साडूभाऊंकडे अशीच एक गाडी आहे. वनखात्याची विलिज पिकअप, १९५५च्या सुमाराची. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका ठेकेदाराने ती ऐंशीच्या दशकात लिलावात घेतली, काही वर्षं तिच्यातून मोर्शी-वरूडची संत्री वाहिली आणि पुढे गोठ्यामागच्या कडुनिंबाखाली उभी करून तिच्यात कोंबड्या ठेवल्या. ठेकेदाराच्या नातवाला गोठ्याच्या जागी बंगला बांधायचा होता. भंगारवाला किलोवर मागत होता. साडूभाऊ तिथे भलत्याच कामासाठी गेले होते आणि परतले ते गाडीचे मालक होऊन. कोंबड्या नातवाने ठेवून घेतल्या, पण त्यांच्या वास्तव्याच्या खुणा व्यवहारात मोफत मिळाल्या.

साडूभाऊ बँकेतून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षं लोकांची तारणं तपासल्यामुळे जगात दोनच प्रकारच्या वस्तू असतात असं त्यांचं मत झालं आहे: मूळ प्रत आणि झेरॉक्स. लग्नपत्रिका आली तरी ती उजेडात धरून बघतात. तेव्हा पिकअप घेतल्यावर त्यांनी पहिली प्रतिज्ञा कोणती केली असेल हे सांगायला नको. “गाडी मूळ रूपात आणायची. कंपनीतून निघाली तश्शी.”

ती कंपनी म्हणजे अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टोलेडोची विलिज-ओव्हरलँड. दुसऱ्या महायुद्धात यांनी आणि फोर्डने मिळून सहा लाखांवर जीपगाड्या काढल्या. युद्ध संपलं, आणि जगभर एवढे रणगाडे-जीपा पाहिलेल्या माणसाला आता शेतीसाठी काय विकावं, या विवंचनेतून १९४७ साली त्यांनी जीपच्या तोंडाची पिकअप बाजारात आणली. ब्रुक्स स्टीव्हन्स या डिझायनरने कंपनीच्या स्टेशन वॅगनला जो चेहरा दिला होता, तोच हिला आला. तिच्यात कुठे गोलाई म्हणून नाही. सगळं पाटीसारखं सपाट, कारण मोटारीच्या पत्र्याला बाक देणारे मोठे कारखाने तेव्हा मोकळे नव्हते. कुणी याला सौंदर्यदृष्टी म्हणतात. आपल्याकडे अशा गोष्टीला ‘उपलब्धतेनुसार’ म्हणतात, आणि म्हणूनच मला वाटतं ही गाडी जन्मतःच सरकारी नोकरीसाठी पात्र होती.

भारतात विलिजच्या गाड्या खोक्यांतून सुट्या यायच्या आणि मुंबईत माझगावला जोडल्या जायच्या. जोडणारी कंपनी महिंद्रांची. तिची गोष्टही रंगतदार आहे. १९४५ साली ती महिंद्रा अँड मोहम्मद नावाने निघाली, धंदा पोलादाचा. फाळणी झाली आणि त्यातले गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ साली कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. नावातली ‘एम अँड एम’ ही अक्षरं तशीच टिकली. लेटरहेडवरच्या बोधचिन्हाचा खर्च न वाढवता झालेलं एवढं मोठं स्थित्यंतर उद्योगविश्वात विरळाच. आमची पिकअपही माझगावच्याच वाटेने वऱ्हाडात आली असावी.

वऱ्हाडात आल्यावर तिच्या कारकिर्दीला जो वेग आला, तो इंजिनामुळे नव्हे. ती नोकरीला लागली तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. १ मे १९६०ला महाराष्ट्र झाला. म्हणजे रेंज ऑफिसच्या आवारातून चाक न हलवता ही गाडी पाच वर्षांत तीन राज्यांच्या सेवेत राहून आली. बदलीसाठी मंत्रालयात खेटे घालणाऱ्या कुठल्याही अधिकाऱ्याला हे जमलेलं नाही.

हे आम्हाला पुस्तकातून कळलं नाही, दारातून कळलं. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उतरवून गॅरेजच्या उस्तादांनी ते दोन पिंपांवर आडवं ठेवलं आणि पाण्याचा पॉलिशपेपर मारायला घेतला. वरचा थर ठेकेदाराचा, निळा. त्यावर ‘आई-बाबांचा आशीर्वाद’. तो गेला आणि खाली हिरवा लागला. त्या हिरव्यावर पांढऱ्या अक्षरात ‘महाराष्ट्र शासन, वन विभाग’. साडूभाऊ हर्षभरित. उस्तादांचा हात थांबला नाही. त्याखाली दुसरा हिरवा, जरा शेवाळी, आणि त्यावर इंग्रजीत ‘फॉरेस्ट’, पुढे मुंबई राज्याचा उल्लेख अर्धा पुसलेला. त्याखाली तिसरा, पोपटाच्या पिसासारखा, आणि त्यावर नागरीत नुसतं ‘म. प्र.’ उरलेलं. त्याच्याखाली तांबडा प्रायमर, मग पत्रा. उस्तादांनी ओल्या फडक्याने दार पुसलं आणि विचारलं, “साहेब, मूळ रूप म्हणता, तर यातल्या कोणत्या राज्यावर थांबू?”

साडूभाऊंनी आयुष्यात प्रथमच ‘उद्या सांगतो’ असं उत्तर दिलं.

अमेरिकेत हा प्रश्न इतका अवघड नाही. तिकडच्या वनसेवेच्या, म्हणजे यूएस फॉरेस्ट सर्व्हिसच्या, जुन्या पिकअप नीट करणारे शौकीन आहेत. ही सेवा १९०५ची. सुरुवातीच्या काळात तिच्या रेंजरला घोडासुद्धा पदरचा आणावा लागे. पण पुढे गाड्या आल्या आणि त्यांचा हिरवा रंग इतका पक्का झाला की सरकारी रंगतक्त्यात त्याला क्रमांक आहे: १४२६०. दुकानात जाऊन क्रमांक सांगायचा, डबा घ्यायचा. आपल्या वनखात्याच्या हिरव्याचं तसं नव्हतं. जंगलात जसे आंब्याचा हिरवा वेगळा, पळसाचा वेगळा, सागाचा वेगळा, तसे विभागाविभागाचे हिरवे वेगळे. त्या वर्षी कमीत कमी दराची निविदा ज्याची, त्याच्या गोदामात जो हिरवा उरलेला असेल तो सरकारी हिरवा. त्यात रंगाऱ्याने टर्पेंटाइन किती घातलं आणि किती घरी नेलं, यावर शेवटची छटा ठरे.

इंजिनाच्या बाबतीत साडूभाऊ जास्त नशीबवान ठरले. चार सिलिंडरचं, १३४ घन इंचांचं ते विलिजचं इंजिन, कंपनीने ठेवलेलं नाव हरिकेन. सपाटीवर ते नाव शोभायचं, घाटात मात्र त्याची झुळूक व्हायची. त्याची रचना मोठी मजेची. पेट्रोलची वाफ आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर टाकणारे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकच्या कुशीत. घेणारे वर बसलेले आणि काळं तोंड करून निस्तरणारे खाली. कोणत्याही कचेरीचा हाच आराखडा असतो, म्हणूनच की काय हे इंजिन खात्यात वर्षानुवर्षं टिकलं. उस्तादांनी हेड उघडलं तेव्हा खालचे व्हॉल्व्ह जळून खडबडीत झाले होते. वरच्यांना काहीही झालं नव्हतं.

खरी मौज रेडिएटरमध्ये होती. तो उतरवून उलटा केला तर आतून पिवळा गाळ पडला. साडूभाऊंना वाटलं गंज. उस्तादांनी बोटावर घेतला, चोळला, हुंगला आणि निकाल दिला, “हळद.” रेडिएटर गळायला लागला की ड्रायव्हर मंडळी त्यात मूठभर हळद टाकतात. ती पाण्यात फुगते, भोकाशी जाऊन बसते आणि गळती थांबते. या रेडिएटरमध्ये एवढी हळद होती की एखाद्या लग्नघराचं काम भागलं असतं. पेट्रोलच्या टाकीच्या सांध्यावर कपडे धुण्याचा साबण चोपडलेला, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. होजपाइपला क्लॅम्पच्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि वर सुतळी. उस्ताद एकेक वस्तू काढून वर्तमानपत्रावर मांडत गेले. ताईंनी, म्हणजे साडूभाऊंच्या मंडळींनी, तो पसारा पाहून विचारलं, “हे गॅरेजचं सामान आहे की वाण्याच्या दुकानाचं?”

साडूभाऊ यातलं सगळं फेकायला निघाले होते. कंपनीने टोलेडोमध्ये हळद घातलेली नव्हती. तेवढ्यात बाबाजी आले.

बाबाजी म्हणजे याच गाडीचे जुने ड्रायव्हर. साठच्या दशकात क्लीनर म्हणून लागले, पुढे स्टिअरिंग हाती आलं. आता ऐंशी पार केलेली. ठेकेदाराच्या नातवाकडून त्यांना गाडी विकल्याचं कळलं आणि ते एसटीने थेट अमरावतीला गॅरेजच्या दारात. आल्या आल्या त्यांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गाडीभोवती फिरले. उजव्या मडगार्डच्या पोच्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “याले हात लावू नका बरं. हा गव्याचा हाये.”

डाव्या मडगार्डलाही तेवढाच पोचा होता. साडूभाऊंनी विचारलं, “आणि हा?”

“हा झाडाचा. सायबाच्या मेहुण्यानं शिकाले घेतली होती गाडी.” बाबाजींनी आवाज खाली आणला. “पन रिपोर्टात उलटं हाये. गव्यानं मारलं त लय कागद लागते. कुठल्या कंपार्टमेंटात, गव्याले काय झालं, पंच कोन. म्हनून थे झाड दाखोलं. न् मेहुण्याचं नाव कसं लिहाव? मंग थो गवा दाखोला.”

म्हणजे दोन्ही अहवाल खरे होते, फक्त मडगार्डं बदलली होती.

बाबाजींच्या पिशवीत फडक्यात बांधलेली एक वस्तू होती. गाडीची लॉगबुक. ती कायद्याने कचेरीत असायला हवी होती. लिलावाच्या वेळी सीटखाली राहिली आणि बाबाजींनी ‘पोरीचं कुंकू ठेवावं तशी’ घरी नेली, हे त्यांचेच शब्द. पुठ्ठ्याची, वाळवीने एक कोपरा पोखरलेली, शेवटची पानं ओलीने एकमेकांना चिकटलेली. बँकवाल्या साडूभाऊंच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. त्यांच्या लेखी गाडी ही तारण आणि लॉगबुक हे मूळ दस्त.

त्या वहीतल्या नोंदी वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. ‘प्रयोजन’ या रकान्यात जंगल फार कमी आहे. उन्हाळ्यात ‘वणवा’ येतो, पानंच्या पानं. माणसं भरायची, झाडाच्या ओल्या फांद्या भरायच्या, जाळरेषेपर्यंत न्यायचं, की मग तिथून पायी. त्या नोंदींचं अक्षर घाईचं आहे आणि वेळ बहुतेक रात्रीची. बाकी वर्षभर ‘साहेबांचा दौरा’, ‘साहेबांच्या दौऱ्याची पूर्वतयारी’ आणि ‘दौरा रद्द झाल्याने सामान परत’. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ‘वनमहोत्सव’. कन्हैयालाल मुन्शींनी १९५० साली सुरू केलेला हा उत्सव. त्या आठवड्यातल्या एका नोंदीनुसार रोपांची एक खेप आणि खुर्च्या, सतरंज्या, लाउडस्पीकर यांच्या तीन खेपा झाल्या होत्या.

आणि मग मापांचा घोळ. गाडी आली तेव्हा हिशेब मैलांत आणि गॅलनांत. पुढे देशाने दशमान पद्धत घेतली, वहीत किलोमीटर आणि लिटरचे रकाने आले. गाडीचं मीटर मात्र टोलेडोचं, ते मैलांवर ठाम. ड्रायव्हरने रोज मैल वाचायचे, आठने गुणायचे, पाचने भागायचे आणि मग लिहायचं. बाबाजी क्लीनर म्हणून लागले तेव्हा त्यांच्या वस्तादाने त्यांना याच्यावरचा एक किस्सा सांगितला होता. ऑडिटवाल्याने शेरा मारला, की मागील वर्षापर्यंत सरासरी १५ असताना चालू वर्षी ती एकदम ५वर कशी आली, इंधनाचा अपहार झाला काय, खुलासा करावा. आधीचे १५ हे गॅलनला मैल होते आणि नंतरचे ५ हे लिटरला किलोमीटर, म्हणजे गाडी तेवढंच पेट्रोल पीत होती. खुलासा गेला. त्यावर ‘खुलासा समाधानकारक नाही, सरासरी पूर्ववत १५ करण्यात यावी’ असं उत्तर आलं म्हणे. हे मी बाबाजींच्या भरवशावर लिहितो आहे. पण ऑडिटची टिपणं वाचलेला कोणीही यावर शंका घेणार नाही.

आता फळ्यांविषयी. विलिजच्या पिकअपचा हौदा पोलादी असतो. आमच्या पिकअपच्या हौद्याला बाजू पोलादी आणि तळ लाकडी. कोंबड्यांचा ऐवज खरवडल्यावर उस्तादांच्या ओळखीचा सुतार बघायला आला. त्याने पटाशीने एक कोपरा तासला, मधाच्या रंगाच्या रेषा दिसल्या आणि तो खालीच बसला. “साहेब, या फळ्या मला द्या. तुम्हाला नवा पत्रा टाकून देतो, वर एक दिवाण करून देतो आणि रोख पैसेही देतो.” अस्सल जुनं सागवान, बोटभर जाडीचं. गाडीची किंमत आणि तळाची किंमत यांत तळ सरस होता.

बाबाजींनी खुलासा केला. “खालचा पत्रा सडला होता. पत्र्यासाठी सायबानं लिहिलं. पत्रा नागपुरातून याव लागे, त्याले मंजुरी लागे. दोन पावसाळे गेले, पत्रा काही आला नाही. मंग सायब म्हने, सागवान टाका. थे त घरचंच हाये.” लोखंडाचा तुकडा मिळत नाही म्हणून मेळघाटच्या सागावर निभावून नेणारं खातं! त्या फळ्यांपैकी एकीवर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्काही आहे. झाड तोडलं की बुंध्यावर आणि ओंडक्यावर हातोडा मारतात, म्हणजे माल कायदेशीर आहे हे कळतं. रंधा मारताना सुताराने तो शिक्का चुकवला की सोडला, कोण जाणे.

साडूभाऊंपुढे पेच पडला. कंपनीच्या मूळ रूपात पोलादी तळ हवा. खात्याच्या मूळ रूपात सागवानी. “यातलं खरं कोणतं?” ते मला विचारत होते आणि मी सुताराकडे पाहत होतो, कारण दिवाणाचा विषय अजून मिटला नव्हता. मला विचाराल तर सरकारी गाडीचं कंपनीचं रूप पहिल्या रेंज ऑफिसात पोचेपर्यंतच असतं. पुढचं सगळं रूप ड्रायव्हर, क्लीनर, कमी दराची निविदा आणि साहेबांचा मेहुणा यांनी मिळून घडवलेलं असतं. टोलेडोसारख्या गाड्या जगात हजारो निघाल्या. हळद घातलेली, दोन गवे अंगावर घेतलेली आणि सागवानावर बसलेली एकच. शेवटी साडूभाऊंनी बँकेतला तोडगा काढला. दारावर ‘म. प्र.’ उघडं ठेवायचं, कारण सर्वांत जुना दस्त तो. उजवं मडगार्ड ठेवायचं, डावं ठोकून सरळ करायचं. तळ सागवानीच राहील. रेडिएटर नवा, पण हळदीची पुडी ग्लोव्ह बॉक्समध्ये. सुतार हात हलवत गेला.

सरकारला मूळ रूपाबद्दल काय वाटतं, हेही पाहावं लागलं. केंद्राने जुलै २०२१मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी असेल तर तिची व्हिंटेज म्हणून नोंद होते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या खेपेला ५ हजार. जुना नंबर कागदोपत्री हयात असेल तर तोच ठेवता येतो. आमच्या गाडीचा नंबर कागदोपत्री केव्हाच वारला होता, म्हणून तिला राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ असलेला नवा नंबर मिळाला. तपासणीच्या दिवशी साडूभाऊंनी अनुक्रमणिका, पताका आणि पानागणिक सही असलेली फाईल नेली होती. तपासायला आलेल्या तरुण अधिकाऱ्याने ती बाजूला ठेवली, हँडल मागितलं, दोन वेळा फिरवलं, इंजिन लागलं आणि तो लहान मुलासारखा हसला. फाईल उघडली गेली नाही याची रुखरुख साडूभाऊंना अजून आहे.

पण या नियमांत एक कलम आहे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणं आणि देखभाल-दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. साडूभाऊंनी हे घरी वाचून दाखवलं तेव्हा ताई म्हणाल्या, “म्हणजे एवढे पैसे घालून भाजी आणायला काही उपयोग नाही?”

“भाजी आणता येणार नाही. पेट्रोल आणता येईल.”

“कशासाठी?”

“पुन्हा पेट्रोल आणायला जाण्यासाठी.”

तरी ही गाडी वाचली ती वेळेवर. एप्रिल २०२३पासून नियम असा आहे, की पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी गाडीची नोंदणी संपते आणि ती थेट नोंदणीकृत भंगार केंद्रात जाते. कडुनिंब नाही, कोंबड्या नाहीत, साडू नाही. प्रदूषणाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. गडचिरोलीतल्या कमलापूरला वनखात्याचे हत्ती आहेत, एकेकाळी त्यांनी जंगलात ओंडके ओढले. ते म्हातारे झाले तरी त्यांना खायला मिळतं आणि लोक तिकडे मुद्दाम बघायला जातात. वाहनविभागाला हे धोरण परवडणारं नाही.

गाडी तयार झाल्यावर ताईंनी रोडग्यांचा बेत काढला. परतवाड्याच्या पुढे, जंगलाच्या कडेला त्यांच्या मामेभावाचं शेत आहे. गाडी साडूभाऊ चालवणार, शेजारी ताई आणि बाबाजी. हौद्यात कणीक, वांगी, गोवऱ्यांचं पोतं आणि मी.

वाटेत वनखात्याचा तपासणी नाका लागला. पंचविशीतली वनरक्षक बाहेर आली. गाडीचं दार पाहून तिने सवयीने सॅल्यूटसाठी हात उचलला, ‘म. प्र.’ वाचलं आणि हात अर्ध्यातच केसांवरून फिरवला. “काका, कुठे निघालात?” एवढंच तिने विचारलं. कुणीही ‘शेतावर’ म्हटलं असतं. साडूभाऊंनी नियमावलीची लॅमिनेट केलेली प्रत काढली. “प्रयोजन, तांत्रिक संशोधन.”

ती मागे आली. वांगी पाहिली, कणीक पाहिली, मला पाहिलं. “संशोधन रोडग्यांचं का?”

मग तिने गोवऱ्यांचं पोतं जरा सरकवलं आणि मला उठायला सांगितलं. शिक्का माझ्या बैठकीखालीच होता. तिचा चेहरा बदलला. “हा तर डिपार्टमेंटचा हॅमर आहे. सागाचा माल. टीपी दाखवा.” सागवान न्यायला वाहतूक परवाना लागतो हे साडूभाऊंना ठाऊक होतं, पण तो माल वाहणाऱ्या गाडीला लागतो की गाडी वाहणाऱ्या मालाला, हे त्यांनी तपासलेलं नव्हतं. वर ती गंभीरपणे म्हणाली, “परवाना नसेल तर माल आणि वाहन दोन्ही जप्त होतं. कलम ५२.” म्हणजे भारतीय वन अधिनियम, १९२७. इतक्या वर्षांनी गाडी पुन्हा खात्यात रुजू होण्याची वेळ आली होती.

बाबाजी सावकाश उतरले. फडकं सोडलं, १९७१चं पान काढून पुढे केलं. ‘हौद्याचा तळ नादुरुस्त. डेपोतील साग फळ्या बसविल्या. पत्रा प्राप्त झाल्यावर बदलणेत येतील.’ खाली सही, तारीख, शिक्का. तिने नोंद वाचली, मान हलवली. “पत्रा आला नाही वाटतं अजून.” मग कुतूहलाने पुढची पानं चाळत गेली आणि शेवटच्या चिकटलेल्या पानांपाशी अडली. नखाने हळूच सोडवली. आम्हीही ती कधी वाचलेली नव्हती.

“काका, यातली शेवटची नोंद आहे, ‘इंजिन आवाज करते. दुरुस्तीसाठी रवाना.’ परत आल्याची नोंदच नाही.” तिने वही मिटली. “रेकॉर्डप्रमाणे ही गाडी अजून दुरुस्तीतच आहे.”

साडूभाऊंचा चेहरा असा उजळला, की बँकेत त्यांना कधी एवढी मूळ प्रत मिळाली नसावी. देखभाल-दुरुस्ती! नियमांत बसणारं, दस्तऐवजी पुरावा असलेलं प्रयोजन. तिने नाक्याच्या रजिस्टरात तेच लिहिलं, ‘शासकीय / खाजगी’ यातलं काहीच खोडलं नाही आणि फाटक वर केलं. साडूभाऊंनी स्टार्टर दाबला. गाडीने एक उचकी दिली आणि गप्प झाली. पुन्हा दाबला, उचकीही नाही. बाबाजींनी सीटखालून हँडल ओढलं. नाक्यावरचे दोघे मजूर बाहेर येऊन मागे हात लावून उभे राहिले. मी गोवऱ्यांवरून उतरलो.

ताई खिडकीतून डोकावल्या. “रोडगे आज होतील की तेही दुरुस्तीला रवाना?”